म्हाताऱ्याचा किनारा

वाळूऐवजी सगळीकडे नुसते गोटे होते. चालताना तळपाय कळवळत होते, तरी आमच्या ह्यांचं भाषण थांबत नव्हतं. "बघ, ग्रीसच्या लोकांनी बेट कसं जपलंय. टपरी नाही, हॉटेल नाही. आपल्या लोकांना अक्कलच नाही."

समुद्राकाठची आमची माडांची वाडी ह्यांनी गेल्या वर्षीच रिसॉर्टवाल्याला विकली होती. ही सहल त्याच पैशांतली.

होडीवाला मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "किनाऱ्यामागची जमीन एका म्हाताऱ्याची आहे. हॉटेलवाले येऊन दमले, पण तो विकत नाही."

"देवमाणूस," म्हणत ह्यांनी टेकडीवरच्या घराकडे बघून हात जोडले.

परतताना मात्र होडीवाल्याजवळ सरकून त्यांनी हळूच विचारलं, "म्हाताऱ्याचं वय काय असेल? आणि मुलं कुठे असतात?"