मोगऱ्याचं मडकं

गुलालानं माखलेली मिरवणूक इंगवले सरांच्या दारात थांबली. शाल घेऊन पुढं कुणी व्हायचं, यावरून आम्ही एकमेकांना ढकलू लागलो.

तीन वर्षांपूर्वी सर आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचे कोच होते. फायनलला त्यांनी नावाजलेले खेळाडू बसवून नवखे उतरवले आणि आम्ही पाच गोलांनी हरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांची खोटी तिरडी इथवर आणली. पुढं मडकं धरून मी होतो. ते दारातच ठेवून आलो.

आज त्याच नवख्यांनी कप जिंकला.

"या की रं आत," सर म्हणाले.

माझी नजर पायरीवर गेली. त्याच मडक्यात मोगरा फुलला होता. त्यावरचं 'कै. इंगवले' हे माझं अक्षर अजून पुसलं नव्हतं.

"टाकवलं न्हाई," सर म्हणाले. "मडक्याचा काय दोष?"