एक जुलैची माणसं

“खाला, यादीत तुमचं नावच नाही,” असं तिसऱ्या म्हातारीला सांगावं लागलं, तेव्हा कारकून बद्रियाचं टाळकं सरकलं. तैग्रिस नदीकाठच्या दवाखान्यातली इन्सुलिनची यादी तिनं अकरा वर्षं संगणकावर अ‍ॅक्सेसच्या जुन्या फाइलीत जपली होती; काल इंजिनिअर मुहन्नदनं ती मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये हलवली. म्हातारीचं झिजलेलं ओळखपत्र तिनं त्याच्यापुढे आपटलं. “हिला कुठं घालवलंस?” “चारशे नोंदी दुबार होत्या, बाई. तेच नाव, तीच जन्मतारीख. उडवल्या.” “नोंदी? अरे शहाण्या, माणसं उडवलीस! तुझ्या आजीची जन्मतारीख सांग.” “एक जुलै.” “खरी?” “खरी कुणाला ठाऊक? सरकारनं सगळ्या म्हाताऱ्यांना एक जुलैच चिकटवून…” बद्रियानं कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. “तीही इथलंच इन्सुलिन घेते ना? मग शोध तिला.” मुहन्नदनं आजीचं नाव टाकलं: जमीला जब्बार, एक जुलै एकोणीसशे पन्नास. नोंद एकच उरली होती. पत्ता आजीचा नव्हता, भलत्याच गावाचा होता.