पाळीचं पाणी

लेकीनं तिकिटं काढली म्हणून सावळाराम बायकोला घेऊन क्रूझवर चढला खरा, पण जीव निरवांगीच्या सामाईक विहिरीपाशीच. धाकटा भाऊ आपल्या पाळीचं पाणी पळवणार म्हणून निघताना त्यानं मोटारीचा फ्यूजच काढून खिशात घातला होता. पाचव्या दिवशी डेकवर बायको हरखली, "अवं, आपला मुलूख दिसाय लागला!" धुक्यात किनाऱ्याची रेघ उमटली. सावळारामनं आधी मोबाईल पाहिला. रेंज येताच भावाचाच फोन वाजला. "आला भांडायला," तो पुटपुटला. भाऊ म्हणाला, "आबा, फ्यूज कुणीतरी चोरला. इंदापुरास्नं नवा आणला. तुमचा ऊस सुकाय लागला म्हणून माझ्या पाळीत आधी तुमचंच रान भिजवलं. चोर घावला की सोडत न्हाय." सावळारामनं खिशातला फ्यूज मुठीत आवळला. "काय म्हणत्यात भावजी?" बायकोनं विचारलं. किनाऱ्याकडं न बघता तो म्हणाला, "चोर घावला म्हणतोय."