बाकावरचा म्हातारा

सिनेमा बघताना फौजदारीणबाईंचं लक्ष नट-नटीपेक्षा पडद्याच्या कोपऱ्यातल्या माणसांवरच जास्त. दुपारच्या खेळाला थिएटर ओस पडलं होतं, रांगांच्या रांगा मिटलेल्या खुर्च्यांच्या. चित्रपट जुना, काळा-पांढरा. त्यातला पोलीस साहेब पुरता विकला गेलेला. शेजारी निवृत्त फौजदार खुशाल पेंगत होते.

सुरुवातीलाच एक म्हातारा हातातली टोपी चुरगाळत चौकीत आला. "साहेब, माझ्या पोराचं काय झालं?"

"बसा, बोलावतो," पडद्यावरचा साहेब म्हणाला.

बाईंना हसू फुटलं. त्यांचे यजमान अजूनही झोपेत नेमकं हेच बरळत.

म्हातारा बाकावर बसला आणि गोष्ट त्याला तिथेच टाकून पुढे निघाली. पण चौकी दिसली रे दिसली की बाई आधी बाक बघायच्या. म्हातारा तिथेच असायचा. दर वेळी त्याची मान मात्र साहेबाच्या दाराकडून जराशी इकडे, थिएटरकडे वळलेली.

"अहो, हा म्हातारा आपल्याकडे का बघतोय?"

"कुणी नाहीये तिथे," फौजदार डोळे न उघडताच म्हणाले. आवाजात झोपेचा लवलेश नव्हता.

पुढच्या खेपेला चौकी आली, तेव्हा बाक खरंच रिकामा होता. गेला कुठे म्हणून बाई पुढे वाकून पडद्याचे कोपरे धुंडाळू लागल्या.

तेवढ्यात फौजदार ताठ बसले. बाईंकडे पाठ करून, पलीकडे कुणीच नसताना, चौकीतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "बसा, बोलावतो."

त्यांच्या पलीकडची मिटलेली खुर्ची कुरकुरली आणि हळूहळू खाली आली.