उत्तरं कोण लिहितं?

“हा मुलगा स्वतः लिहीत नाही. एआयकडून लिहून घेतो,” म्हणत गोपाळकृष्णांनी फोन कुसुमताईंच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच.

कुसुमताई कोथरूडमध्ये वधूवर सूचक केंद्र चालवत. अलीकडे केंद्राचं अ‍ॅप निघालं होतं. मुलामुलींनी त्यावर एकमेकांना मेसेज पाठवायचे. एआयची मदत घेतली, तर तसं मेसेजखाली नमूद करायचं, असा नियम होता. नियमाची पाटी त्यांच्या डोक्यामागेच लावलेली होती.

मुलगी वल्लरी हिच्यासाठी स्थळ बघणाऱ्या गोपाळकृष्णांची याच तक्रारीसाठी ही तिसरी खेप. आधी दोनदा ‘बघते’ म्हणून कुसुमताईंनी त्यांची बोळवण केली होती.

“कशावरून म्हणता?” कुसुमताईंनी विचारलं.

“अहो, वाचा की. आयटीतला मुलगा आणि इतक्या महिन्यांत एक इंग्रजी शब्द नाही. ‘आपला अभिप्राय कळवावा.’ आजकाल कोण लिहितं असं? वल्लरीनं काही विचारलं की भर दुपारीसुद्धा उत्तर हजर. हा नोकरी कधी करतो?”

“चांगलं लिहिणं हा गुन्हा आहे का?”

“चांगलं लिहितो म्हणूनच संताप येतो. वल्लरीनं तिची आई गेल्याचं लिहिलं. त्यावर यानं इतकं समजुतीचं उत्तर पाठवलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि ते मशीननं लिहिलेलं? मी होकार कळवायला निघालो होतो, कुसुमताई. समोर कोण आहे हे कळायला नको?”

“वल्लरीचं काय म्हणणं?”

“तिला ऑफिसात डोकं वर काढायला फुरसत नसते. आधी याला विचारा. की नियम नुसता भिंतीच्या शोभेला आहे?”

हे कुसुमताईंना लागलं. त्यांनी त्या मुलाला, केयूरला, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“वल्लरी कोण?” केयूर गोंधळला. “ओह, ते अ‍ॅप. मॅडम, ते बाबा हँडल करतात. रिटायर झाल्यापासून दिवसभर त्यावरच असतात. मी अजून ओपनही केलेलं नाही. सॉरी, मीटिंग आहे.”

फोन बंद झाला. गोपाळकृष्ण पाटीकडे बघत राहिले. इतका वेळ चढलेला त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“म्हणजे एआय नव्हतंच. मग मिटवून टाका.”

“मिटवून कसं टाकू?” आता कुसुमताई चिडल्या. “बिचारी इतके महिने मन मोकळं करतेय, आणि पलीकडे नवऱ्या मुलाचा बाप. तिला सांगायलाच हवं.”

“नको. तिला नका सांगू.”

“का? समोर कोण आहे ते कळायला हवं, असं आत्ता आपणच म्हणालात.”

गोपाळकृष्णांनी फोनकडे हात नेला. तोवर नंबर लागलाही होता.

“वल्लरी, केंद्रातून कुसुमताई बोलतेय. केयूरच्या नावानं त्याचे वडील तुला मेसेज लिहीत होते. तुझी फसवणूक झाली, मी माफी मागते.”

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला.

“कोण केयूर?” वल्लरीनं विचारलं.