मानाची बास्केट

बाकाखाली पाण्याच्या चौदा बाटल्या, अकरा टॉवेल आणि फुलांचे तीन गुच्छ होते. बाटल्या मॅरेनने भरल्या होत्या. टॉवेलच्या घड्याही तिच्याच. नाताळच्या आधी ताप आला, गळ्यात गाठी आल्या, प्लीहा सुजली, आणि तेव्हापासून कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तिला एवढंच काम उरलं होतं. आता सूज उतरली होती. पण जिना चढला की धाप लागायची. "आराम कर" हे शब्द ऐकले तरी तिचं डोकं फिरायचं.

आजारपणात हंगाम बुडाला तर खेळायला एक वर्ष वाढवून मिळत असे. अट अशी, की त्या हंगामात नऊपेक्षा जास्त सामने खेळलेले नसावेत. मॅरेनचे बरोबर नऊ झाले होते.

"ए म्हातारे," बुटाची नाडी बांधत टेस म्हणाली, "पुढच्या वर्षी काठी टेकत येणार का?"

"येईन. तीच काठी तुझ्या पायात घालीन."

आज घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. कॉलेज संपणाऱ्या मुलींना फुलं द्यायची रात्र. कोच रस्किन मॅरेनची जर्सी घेऊन आल्या.

"घाल. पहिला बॉल तुझा. तिकडच्या कोचशी बोललेय मी, कुणी अडवणार नाही. बास्केट कर आणि बाहेर ये."

"मला दया नकोय, कोच. मला पुढचं वर्ष हवंय."

"ते कुठं पळून जातंय? अर्ज मी स्वतः भरलाय. आणि हे काय खेळणं आहे का, वेडे? हा मान आहे. वर बघ जरा."

वर प्रेक्षकांत तिची आई होती. बर्फातून चार तास गाडी हाकत आलेली. तिने फोन आधीच उंच धरला होता.

मॅरेनने जर्सी घातली. ती खांद्यांवरून ओघळत होती. शिट्टी झाली. बाकीच्या नऊ जणी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मॅरेनने दोनदा बॉल आपटला आणि अलगद जाळीत सोडला. समोरच्या संघानेही टाळ्या वाजवल्या. ती धापा टाकत बाहेर आली, तेव्हा कोचचे डोळे भरले होते. त्यांनी तिला मिठीत घेतलं.

"बघ, काही बिघडलं का?"

त्यांच्या डोक्यावरच्या मोठ्या फलकावर मॅरेनच्या नावापुढचे आकडे बदलले.

सामने १०. गुण ७४.