उमाशंकरांचा जबाब

"हे आप्पांचं बोलणं नाही," असं म्हणत आरोहीनं जबाबाची प्रत रणधीरच्या टेबलावर आपटली.

ईटच्या वीज उपकेंद्रातली चार माणसं जागच्या जागी थांबली. रणधीर तिथला कनिष्ठ अभियंता. आरोहीचे वडील उमाशंकर त्याच्या हाताखाली वायरमन होते. दोन महिन्यांपूर्वी खांबावर त्यांना करंट बसला आणि अकराव्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात ते गेले. जाण्याआधी त्यांनी जबाब दिला होता, असं चौकशीच्या कागदांत होतं. परमिट न घेता, म्हणजे लाईन बंद असल्याची खात्री न करता, आपण स्वतःहून चढलो. साहेबांचा दोष नाही. चूक आपली आहे आणि ती आपण कबूल करतो. दोन्ही हात भाजलेले, म्हणून खाली पायाच्या अंगठ्याचा ठसा होता.

एकतीस वर्षांची नोकरी. नव्या पोरांना परमिटशिवाय शिडीला हातही लावू न देणारा माणूस. आरोहीनं हे सगळं रणधीरला सुनावलं. परमिट द्यायला साहेब विसरले आणि मरणाऱ्याच्या गळ्यात दोष बांधून मोकळे झाले, असंही ती सगळ्यांदेखत म्हणाली.

रणधीर खाली बघत होता. "जबाब त्यांनीच सांगितला," तो म्हणाला. "टाईप मी केला."

"आप्पांच्या तोंडी शब्द घालायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

त्यानं जबाबाची प्रत उचलून फायलीत ठेवली. मग एवढंच म्हणाला, "आधी प्रबंध पुरा करा."

आरोहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य आप्पांचं होतं, त्यांच्या दर मेसेजच्या शेवटी असायचं. आप्पा कौतुकानं ऑफिसात सांगत असतील आणि हा मेल्या माणसाचं वाक्यही उचलून वापरत होता.

सहा वर्षांपूर्वी ती शरीरशास्त्राच्या संशोधनासाठी संभाजीनगरला गेली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी आप्पांचा मोबाईलवर लांबलचक मेसेज यायचा. फोनवर आप्पा चार शब्दांवर पाचवा बोलत नसत. जेवलीस का, बरं हाय का, ठेवतो. पण लिहायला लागले की पानभर लिहीत. फसलेल्या प्रयोगाचं वाईट वाटून घेऊ नये, चुकलं तर कबूल करावं, मात्र दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊ नये. दोनदा ती सगळं सोडून घरी यायला निघाली होती. दोन्ही वेळा त्या मेसेजनंच तिला थांबवलं.

तिचा विषयही आप्पांमुळंच ठरला होता. करंट बसून वाचलेल्या वायरमनांच्या नसांवर पुढं काय परिणाम राहतो, याचा ती अभ्यास करत होती. येडशी, नळदुर्ग, भूम, सगळीकडं फिरून तिनं एकशेचाळीस जणांच्या हातांची तपासणी केली होती. कित्येकांच्या बोटांत वर्षानुवर्षं बधिरपणा राहिला होता; शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. आप्पांनी मात्र तिला कधी हात लावू दिला नाही. मला काय धाड भरलीय, म्हणायचे.

"जाऊ दे माय," आई, इरम्मा, त्या दिवशी घरी म्हणाली. "त्या सायबाच्या मागं लागू नगं."

"तू भितीस त्याला."

"भेत न्हाय," आई म्हणाली आणि परातीत पीठ घेऊन बसली.

आरोहीनं माघार घेतली नाही. धाराशिवच्या एका महाविद्यालयात निवेदिता नावाच्या मराठीच्या प्राध्यापिका होत्या. मजकूर कुणी लिहिला हे भाषेवरून ओळखण्यावर त्यांचं संशोधन होतं. मोठे शब्द माणूस निवडून वापरतो, त्यांनी समजावलं. पण 'मात्र', 'तरी', 'खरं तर' असले बारके शब्द नकळत पडतात, आणि ते कोण कुठं किती वापरतो ते मोजता येतं. निकाल निर्मळ राहावा म्हणून कुठला मजकूर कुणाचा ते त्यांनी विचारलं नाही. वडिलांचं, त्या साहेबांचं आणि वादातलं, असं तीन पाकिटांत द्या, नावं-तारखा खोडा आणि वर फक्त आकडा घाला, म्हणाल्या.

एक नंबरच्या पाकिटात आरोहीनं जबाब घातला. दोनमध्ये आप्पांचे सहा वर्षांचे मेसेज. तीनमध्ये माहितीच्या अधिकारात मिळवलेले रणधीरचे अहवाल. तेही तो सात वर्षांपूर्वी ईटला येण्याआधीचे, नळदुर्गचे. म्हणजे आप्पांच्या बोलण्याची सावलीही त्यांच्यावर पडलेली नसणार.

तीन आठवडे ती धुमसत राहिली. तक्रारीचा अर्ज तिनं लिहूनच ठेवला. खोटा जबाब, मृताची बदनामी, रणधीरचं निलंबन. निवेदिताबाईंचा फोन आला तेव्हा तो अर्ज पिशवीत घालूनच ती धाराशिवला गेली.

"एक आणि तीन," खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं विचारलं. "एकाच माणसाचे आहेत का?"

"एकाच माणसाचे. मला तिळमात्र शंका नाही."

 आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच आरोहीला मोकळा श्वास घेता आला. एक म्हणजे तो जबाब, तीन म्हणजे रणधीर, तिनं सांगून टाकलं. आता त्याला खुर्चीवरून उतरवल्याशिवाय मी राहत नाही, म्हणाली, आणि अर्ज काढून टेबलावर ठेवला.

निवेदिताबाईंनी अर्जाला हात लावला नाही. त्यांनी चष्मा काढला आणि समोरची तिन्ही पाकिटं पुन्हा एकदा पाहिली.

"मग वडिलांचं लिखाण तुम्ही द्यायचं विसरलात," त्या म्हणाल्या. "दोन नंबरच्या पाकिटातलं सगळंही याच माणसानं लिहिलंय."